सिबिलचा अहवाल आणि आमचा बचत गट

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात आमचे गाव आहे. कोरडवाहू शेती, तीत कापूस, सोयाबीन व तुरीचे तास आणि माझे शिलाई मशीन, एवढ्यावर आमचे घर चालते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस हातचा गेला, पुढच्या पेरणीसाठी मी एका मायक्रोफायनान्स कंपनीचे, म्हणजे बायकांना लहान कर्ज देऊन हप्त्यांनी वसूल करणाऱ्या कंपनीचे, कर्ज घेतले, त्यानंतर घरखर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी आणखी दोन कंपन्यांचे घेतले, आणि 2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडून शिलाईचे काम थांबले, तेव्हा माझे यजमान अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले होते. हप्ते थकले. यजमानांचे पीककर्ज महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत माफ झाले. परंतु ती योजना 2 लाख रुपयांपर्यंतच्या थकीत पीककर्जासाठी होती आणि गावातील बायकांच्या नावावर असलेली हप्त्यांची कर्जे तिच्यात बसत नव्हती.

त्या तीन कर्जांची गत तीन प्रकारची झाली. पहिले मी बकऱ्या विकून पूर्ण फेडले. दुसऱ्याची कंपनीने तडजोड केली, म्हणजे एकरकमी थोडे पैसे घेऊन उरलेले सोडून दिले. तिसरे तसेच राहिले. पुढे मशीन वाढवण्यासाठी बँकेत गेले तेव्हा ‘तुमचे सिबिल खराब आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सिबिल ही कोणी किती कर्ज घेतले व कसे फेडले याची नोंद ठेवणारी कंपनी, आणि बोलताना त्या नोंदीलाही सिबिलच म्हणतात. काय खराब आहे, कोणत्या कर्जामुळे आहे, ते दुरुस्त कसे होते, यापैकी काहीही तेथे सांगण्यात आले नाही.

या काळात मी बचत गटाच्या बैठकीला जाणे सोडले होते, कारण महिन्याची बचत भरायला हातात पैसे नसत. गटाच्या अध्यक्षा, ज्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो, एके संध्याकाळी घरी आल्या आणि म्हणाल्या, “पैसे नसन तरी मिटिंगले येत जाय वं. सहीले काई पैसे लागत नाई.” पुढच्या बैठकीत माझी थकलेली बचत हप्त्याहप्त्याने भरून घेण्याचा ठराव झाला आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला. आमचा गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री आम्ही सगळ्या तोंडपाठ म्हणतो. तिच्यातले ‘नियमित बैठक’ हे सूत्र अडचणीत आलेल्या बाईसाठी सर्वांत मोलाचे आहे असे माझे मत आहे, कारण बैठकीत बसणारी बाई एकटी पडत नाही.

गटातून अंतर्गत कर्ज देऊन माझी तिसऱ्या कंपनीची थकबाकी एकदम भरावी, असे काही जणींचे म्हणणे होते. आमच्या बँक सखीने, म्हणजे गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बाईने, त्याला हरकत घेतली. आधी सिबिलचा अहवाल काढा, नेमके काय आणि किती दाखवले आहे ते बघा आणि मगच गटाच्या पैशाला हात लावा, असे ती म्हणाली. आपल्या देशात सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हायमार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, हे आम्हाला तिच्याकडून कळले. अर्ज मोबाइलवरून करता येतो. मात्र आधार व पॅनवरील नावाचे स्पेलिंग जुळले पाहिजे, आणि माझ्या बाबतीत ते जुळवण्यातच बराच वेळ गेला.

अहवालाची छापील पाने गटात सतरंजीवर मांडून आम्ही वाचली. सचिव बाईने पट्टी घेतली, एकेका ओळीखाली ती सरकवत गेली आणि शिसपेनने खुणा करत गेली. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात व त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, तो आकडा त्यात असतो. शून्ये असली म्हणजे तो महिना स्वच्छ. कर्जफेडीवरून एक गुण दिलेला असतो, तो जितका जास्त तितकी पत चांगली; 300 ते 900 च्या मोजपट्टीवर माझा गुण 548 होता. पण खरी गोष्ट पुढच्या पानावर निघाली. बकऱ्या विकून फेडलेले पहिले कर्ज अजूनही थकीत दिसत होते. माझ्याकडे हप्त्यांचे कार्ड होते, त्यावर शेवटच्या हप्त्यापर्यंत कंपनीच्या माणसाच्या सह्या होत्या, आणि कंपनीच्या त्याच हप्तेवसुलीच्या केंद्रात माझ्यासोबत हप्ते भरणाऱ्या दोघी जणी आमच्याच गटातल्या होत्या.

मग तक्रार केली. ऑनलाइन हरकत नोंदवली, कार्डाची प्रत जोडून कंपनीलाही पत्र दिले आणि पोहोच घेतली. अशा तक्रारीचे निराकरण 30 दिवसांत झाले पाहिजे आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2024 पासून लागू आहे. पत्रात त्या नियमाचा उल्लेख केल्यावर कंपनीचे वागणे बदलले. खाते बंद दाखवले गेले आणि ना-हरकत दाखलाही मिळाला. तो दाखला कर्ज फिटले त्याच दिवशी मिळायला हवा होता, आणि गावोगावच्या कितीतरी बायकांना तो आजही मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तडजोडीच्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. आमची समजूत अशी होती की तडजोड झाली म्हणजे विषय मिटला. बँका मात्र त्या शेऱ्याचा अर्थ पूर्ण पैसे आले नाहीत असा घेतात. सोडलेली रक्कम भरण्याची तयारी मी लेखी कळवली, गटाने अंतर्गत कर्ज दिले आणि ते खाते ‘क्लोज्ड’ झाले. तिसरे कर्ज कंपनीने निर्लेखित केले होते, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढले होते, पण बाकी माझ्या नावावर होतीच. ती बाकी कापूस विकल्यावर भरली. तिची नोंद शून्य झाली, तरी मागचे थकलेले महिने अहवालात राहिलेच. खरी नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणारी माणसे भेटतात. आमच्या शेजारच्या गावातील एका बाईने असे पैसे दिले आणि तिच्या अहवालातील एक ओळही बदलली नाही.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. गटाचे अंतर्गत कर्ज मी कितीही वेळेवर फेडले तरी त्याचा मागमूस या अहवालात उमटत नाही. गटाच्या वहीत माझे नाव केव्हाच स्वच्छ झाले होते, बँकेच्या संगणकात नव्हते. म्हणून काकूंच्या सल्ल्याने मी कानातले गहाण ठेवून बँकेतून लहानसे सोनेतारण कर्ज काढले, गरज नसतानाही काढले आणि दर महिन्याला तारखेच्या आधी त्यात पैसे भरत गेले. भरण्याच्या आठवड्यात सचिव बाई बैठकीत सगळ्यांसमोर विचारायची, “भरले का वं या महिन्याचे?” घरी पैशाची ओढ असताना त्या प्रश्नानेच मी दोनदा खताच्या दुकानाच्या दारातून परत फिरून बँकेत गेले. 2025 मध्ये कर्जदात्यांना दर पंधरा दिवसांनी या कंपन्यांना माहिती कळवणे बंधनकारक झाले, त्यामुळे फेडीची नोंदही पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागली. आज माझा गुण 691 आहे.

आमच्या भागात तूर भरपूर पिकते आणि डाळ बाहेरून विकत येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल घ्यायची, असे आम्ही पाच जणींनी ठरवले आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान मिळते, पण ते बँक कर्जाशी जोडलेले असल्यामुळे पाचही जणींचे अहवाल आधीच काढून बघितले. त्यातील एकीच्या नावावर तिने कधी न घेतलेले कर्ज निघाले आहे. तिची हरकत गेल्या आठवड्यात नोंदवली. ती निकाली निघाली की अर्ज बँकेत देणार आहोत.