परिकल्पना कशी लिहावी : मुंबईच्या प्लेगमधले एक उदाहरण

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन आराखडे तपासताना 'परिकल्पना', म्हणजे अभ्यासात तपासायचे विधान, या मथळ्याखाली बहुतेक वेळा एकाच घडणीचे वाक्य सापडते : 'अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीशी संबंध आहे.' हे वाक्य सहसा चुकीचे नसते, आणि तीच त्याची अडचण आहे. संबंध कोणत्या दिशेचा, कोणत्या मार्गाने घडणारा, आणि काय दिसले तर तो नाही असे मान्य करायचे, यांपैकी काहीच सांगितलेले नसल्यामुळे अभ्यासाचा निकाल काहीही लागला तरी ते जसेच्या तसे उभे राहते. परिकल्पनेच्या व्याख्या पाठ्यपुस्तकांत भरपूर आहेत; पण समजावून सांगायची वेळ आली की मी त्या बाजूला ठेवून मुंबईच्या प्लेगची हकिकत सांगतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा या रोगाचा जंतू अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, अलेक्झांडर येरसँ यांनी तो हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. उंदीर पडू लागले की पाठोपाठ माणसेही आजारी पडतात, हेही लोकांच्या नजरेत आले होते. न सुटलेला प्रश्न एवढाच होता की जंतू माणसाच्या शरीरात शिरतो कसा. अधिकाऱ्यांचा भर घाण, दूषित जमीन आणि रोग्याचा संसर्ग यांवर होता. घरांची झडती, चुना, कार्बोलिक, सामानाची जाळपोळ हे सारे उपाय त्याच समजुतीतून आले, आणि पुण्यात त्यांचे पर्यवसान कशात झाले हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

'प्लेग घाणीमुळे पसरतो' हे विधान परिकल्पना म्हणून तपासून पाहावे. गलिच्छ चाळीत रोगी सापडला तर विधान खरे ठरते. स्वच्छ बंगल्यात सापडला तर कोठेतरी दडलेली घाण गृहीत धरता येते. गलिच्छ चाळीत कोणीच आजारी पडले नाही तर जंतू अजून तेथे पोहोचला नसावा असे म्हणता येते. प्रत्येक शक्यतेला सामावून घेणारे विधान ऐकायला भक्कम वाटते, पण उद्या कोणत्या घरात काय दिसेल याबद्दल ते एकही पैज लावत नाही.

याच्या शेजारी पॉल-लुई सिमाँ यांचे काम ठेवावे. पाश्चर संस्थेचे हे फ्रेंच डॉक्टर येरसँ यांच्या जागी १८९७ मध्ये हिंदुस्थानात आले. काही रोग्यांच्या अंगावर आजाराच्या सुरुवातीलाच एक बारीक फोड येतो आणि त्यातील द्रवात प्लेगचे जंतू असतात, हे त्यांनी पाहिले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्यांना प्लेग होतो, मात्र बराच वेळ मरून पडलेला उंदीर उचलणाऱ्यांना सहसा होत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. ही दुसरी नोंद मला विशेष मोलाची वाटते, कारण ती घाणीच्या समजुतीच्या थेट उलट जाते : सडलेला उंदीर अधिक घातक असायला हवा होता. उंदराच्या अंगावरची पिसू जंतू वाहून नेते, आणि उंदीर मेल्यावर त्याचे शरीर थंड पडू लागले की ती त्याला सोडून दुसरे यजमान शरीर शोधते, असे मानले तर फोड आणि ताजा उंदीर या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच वेळी होतो.

सिमाँ एवढ्यावर थांबले असते तर तो एक चतुर तर्क राहिला असता. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी पिसवा असलेला आजारी उंदीर काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला, त्याच भांड्यात जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही अशी व्यवस्था केली. आजारी उंदीर लवकरच मेला. काही दिवसांनी पिंजऱ्यातला उंदीरही प्लेगने मेला. याच्या जोडीला त्यांनी पिसवा नसलेल्या आजारी उंदराच्या सहवासात निरोगी उंदीर ठेवून पाहिले, आणि त्यांना काही झाले नाही. माझ्या मते प्रयोगाचा खरा कणा ही दुसरी जोडीच आहे. सगळे सारखे ठेवून केवळ पिसवा वगळल्या तर रोग थांबला पाहिजे, ही मागणी परिकल्पनेनेच केली होती.

तरीही त्यांचे म्हणणे तेव्हा मानले गेले नाही. एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने ते फेटाळले, तर युरोपातील काही संशोधकांनी उंदरावरच्या पिसवा माणसाला चावतच नाहीत असा आक्षेप घेतला. या आक्षेपाला केवळ हट्ट म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी तपासलेल्या पिसवा युरोपातील उंदरांवरच्या, म्हणजे निराळ्या जातीच्या होत्या. सिमाँ यांच्या विधानात 'पिसू' एवढेच होते. कोणती पिसू, हे नव्हते. परिकल्पनेतला एक शब्द सैल राहिला की दोन प्रामाणिक संशोधक वेगवेगळ्या गोष्टी तपासून परस्परविरोधी निष्कर्षांवर पोहोचतात आणि आपण एकच प्रश्न सोडवीत आहोत असे दोघांनाही वाटत राहते.

ही उणीव मुंबईत भरून निघाली. प्लेगवर संशोधन करणारे डॉक्टर ग्लेन लिस्टन यांना येथील उंदरांवर प्रामुख्याने आढळलेली पिसू तीच होती, जिचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १९०३ मध्ये केले होते आणि जी आज झेनोप्सिला किऑपिस म्हणून ओळखली जाते. यजमान उंदीर मेला की ही पिसू माणसालाही चावते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावरही लिस्टन यांना उंदरांवरच्याच पिसवा मिळाल्या. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या संशोधन आयोगाने जे प्रयोग केले, ते परिकल्पना शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी फळ्यावर मांडावेत. ही पिसू सुमारे चार-पाच इंचांपेक्षा उंच उडी मारू शकत नाही. म्हणून प्लेगचे जंतू वाहणाऱ्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचा एक पिंजरा जमिनीपासून २ इंचांवर आणि दुसरा २ फुटांवर टांगण्यात आला. हवेतून प्लेग पसरत असेल तर दोन्ही पिंजऱ्यांत फरक पडण्याचे कारण नाही. पिसू कारणीभूत असेल तर वरचा प्राणी वाचला पाहिजे. वरचे प्राणी वाचले. काही पिंजऱ्यांभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, तेव्हा त्यांतले प्राणीही बचावले. पिसू जंतू नेमका कसा सोडते, हे मात्र १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन या संशोधकांच्या कामातून उलगडले. म्हणजे अंतिम यंत्रणा ठाऊक नसतानाही परिकल्पना काटेकोर असू शकते, फक्त तिने ओळखलेला दुवा तोडता आला पाहिजे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना परिकल्पनेखाली आणखी एक ओळ लिहायला सांगतो : हे खोटे असेल तर मला काय दिसेल? ती ओळ लिहिता आली नाही, तर वरचे वाक्य अजून तयार झालेले नाही असे मी समजतो. शून्य परिकल्पना, म्हणजे फरक किंवा संबंध नाहीच असे मांडणारे विधान, लिहिण्याची प्रथा याच कामासाठी असली, तरी 'सार्थ फरक नाही' हे साच्यातले वाक्य उतरवून काढल्याने विचार आपोआप होत नाही. कोणत्या गोष्टीत, किती आणि कोणाच्या तुलनेत फरक, हे संशोधकालाच ठरवावे लागते, आणि तेही आकडे हाती येण्याआधी. निकाल पाहिल्यावर दुरुस्त केलेली परिकल्पना पुढच्या अभ्यासाची सुरुवात होऊ शकते, पण या अभ्यासाची कसोटी म्हणून ती दाखवणे अप्रामाणिकपणाचे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. 'गांडूळखतामुळे मेथीची वाढ चांगली होते' हे विधान विज्ञान प्रदर्शनांत नेहमी दिसते. त्यातला 'चांगली' हा शब्द काढून टाकावा आणि पेरणीनंतर तिसाव्या दिवशी प्रत्येक कुंडीतल्या रोपांचे वाळवलेले वजन, असे मोजमाप लिहावे. एकाच ठिकाणची माती, तितकेच बी, तितकेच पाणी आणि बिनखताच्या कुंड्या तुलनेला ठेवाव्यात. शिवाय कुंड्या एकेकटीने न ठेवता प्रत्येक प्रकारच्या अनेक ठेवाव्यात, कारण एका कुंडीतला फरक बियाण्याचाही असू शकतो. एवढे केले तरी मार्गाचा प्रश्न उरतोच. गांडूळखताचा उपयोग त्यातल्या नत्रामुळे होतो की मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढल्यामुळे? विद्यार्थ्याचे म्हणणे पाणी धरून ठेवण्याच्या बाजूचे असेल, तर त्याला तितकेच नत्र युरियातून दिलेल्या कुंड्यांचा तिसरा गट ठेवावा लागेल, आणि त्या गटातली मेथी गांडूळखताच्या मेथीइतकीच भरली तर आपली परिकल्पना मागे घेतली जाईल, असे पेरणीच्या आधीच वहीत लिहून ठेवावे लागेल.