जुन्या मोटारीचे बसलेले मागचे पाटे बदलताना : माझा अनुभव

माझ्या जुन्या मोटारीची मागची बाजू खाली बसली आहे, असे बरेच दिवस जाणवत होते. परंतु नुसत्या नजरेच्या भरवशावर पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या) विकत घेण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी मोजमापे घेतली. गाडी सपाट जागी उभी करून चारही टायरांत हवा नेमकी भरली, डिकी रिकामी केली आणि मागच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. जमिनीपासून मोजले, तर टायरची झीजही त्या आकड्यात मिसळते. दोन्ही बाजू माहितीपुस्तिकेतल्या उंचीपेक्षा खाली होत्या आणि चालकाची बाजू अधिकच खाली होती. पाट्यांची कमान जवळजवळ सरळ झाली होती आणि ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा आस) व त्याच्या वरचे रबरी ठोकळे यांच्यात जेमतेम बोट शिरेल एवढीच जागा उरली होती. शॉक ॲब्सॉर्बर बदलले की उंची परत येईल, असा सल्ला मला मिळाला होता, पण साधा हायड्रॉलिक शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगचे हेलकावे आवरतो, गाडीचे वजन पेलत नाही. तेव्हा तो विचार मी तिथेच सोडला.

दुसरा प्रश्न होता तो जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान मारून घेण्याचा. हे काम रीतसर करायचे तर पाटे तापवून वाकवावे लागतात, तेलात विझवावे लागतात आणि नंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्यांचा ठिसूळपणा घालवावा लागतो. नुसते हातोड्याने ठोकून कमान आणली, तर ती लवकरच पुन्हा बसते. शिवाय माझे पाटे कडांना गंजून पातळ झाले होते. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी 10 टक्के घटली, तर ताठरपणा सुमारे 27 टक्क्यांनी उतरतो, आणि झिजलेली जाडी कोणतीही भट्टी परत देत नाही. म्हणून नवे पाटे घेतले, आणि तेही जोडीने. एकाच बाजूला नवा पाटा घातला असता, तर गाडी कायमची तिरकी उभी राहिली असती.

गाडी उचलताना तिचे वजन चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर), पाट्याच्या पुढच्या टोकाच्याही पुढे, भक्कम स्टँडवर ठेवले आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक दिला. पाटे सुटल्यावर ॲक्सल अधांतरी राहतो आणि ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचा भार आला, तर ती नळी निकामी झालीच म्हणून समजावे. शॉक ॲब्सॉर्बरची खालची टोके सोडवली, हँडब्रेकची केबल मोकळी केली आणि मग पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट काढले. ते परत वापरायचे नव्हतेच, कारण एकदा ताणून आवळलेल्या यू-बोल्टवर दुसऱ्यांदा विश्वास टाकू नये, असे माझे मत आहे.

खरा वेळ खाल्ला तो पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या, म्हणजे टोकाला वळवलेल्या कडीतल्या बोल्टने. नट सहज फिरला, बोल्टही फिरू लागला, पण त्याच्याबरोबर रबरी बुशच्या (डोळ्यात बसवलेल्या अस्तराच्या) आतली लोखंडी नळीही फिरत होती. वर्षानुवर्षांच्या गंजाने दोघांचे एकच लोखंड झाले होते. गंज सोडवणारे तेल मुरू दिले, तरी उपयोग झाला नाही. गॅसची ज्योत लावण्याचा मोह अशा वेळी होतो, पण माझ्या गाडीत पेट्रोलची टाकी तिथून हाताच्या अंतरावर आहे. शेवटी ब्रॅकेट आणि पाट्याचा डोळा यांच्यातल्या फटीत हॅकसॉचे नुसते पाते घालून, हाताला कापड गुंडाळून, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. खाली उतरवल्यावर सगळ्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या भोकापासून एका पाट्याला केसासारखी बारीक चीर गेलेली दिसली, जी वरून तपासताना मला कधीच दिसली नसती.

नवे पाटे चढवताना दोन गोष्टी जपाव्या लागल्या. माझ्या गाडीत पाट्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा आखूड आहे, त्यामुळे पाटा उलटा बसला, तर ॲक्सलच जागेवरून सरकतो. दुसरी गोष्ट मधल्या बोल्टच्या डोक्याची. ते ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसले आहे ना, हे मी बोट फिरवून पाहिले आणि मगच यू-बोल्टचे नट आडवे-तिरपे, थोडे थोडे करत टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळले. ते डोके कडेवर अडून राहिले, तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. रबरी बुशांना साधे ग्रीस लावले नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते. साबणाच्या पाण्याने काम भागले.

डोळ्यांतले आणि शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बोल्ट मात्र गाडी हवेत असताना केवळ हाताने लावून ठेवले. हा टप्पा घाईत निसटतो, आणि माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाचा तोच आहे. पाटे लोंबकळत असताना बोल्ट पक्के केले, तर बुशचे रबर त्याच स्थितीत जखडते; गाडी खाली उतरल्यावर त्याला कायमचा पीळ बसतो, उंची फसवी वाढलेली दिसते आणि रबर लवकर फाटते. या रचनेत इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा झटका दोन्ही पाट्यांच्या पुढच्या डोळ्यांतूनच चासीला पोहोचतात, तेव्हा तिथले रबर फाटणे परवडणारे नाही. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवली, मागच्या बाजूला दाब देऊन ती वरखाली हलवली आणि तिचे पूर्ण वजन चाकांवर असतानाच खाली सरपटत शिरून हे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले.

सुरुवातीला मागची बाजू जरा उंचच दिसली, पण नवे पाटे थोड्या वापरानंतर बसतात, हे ठाऊक असल्याने मी लगेच काही छेडछाड केली नाही. थोडी गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा प्रत्येक नटाने थोडा फेरा घेतला. मागची उंची बदलल्याने हेडलाइटचा झोत जवळच्या रस्त्यावर पडू लागला होता. पाटे स्थिरावल्यावर तोही भिंतीसमोर नव्याने लावून घेतला.