बंद झालेला गॅस साठवायचा कशाला?

"काऊन भाऊ, हॅलॉन तर बंद झाला म्हणतात, मग मिलिटरीवाले अजून काऊन साठवून राहिले?" वायुसेनानगरच्या वाटेवर चहाला थांबलो की हा प्रश्न ठरलेला. माझं आयुष्य आग विझवायच्या सिलिंडरांत गेलं, म्हणून मलाच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

बंद झालंय ते आगीसाठी नवीन बनवणं. हॅलॉन म्हणजे आग विझवायचा गॅस, पण तो ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार श्रीमंत देशांनी १९९४ पासून आणि आपल्यासारख्यांनी २०१० पासून उत्पादन थांबवलं. पण रणगाड्यात माणसं बसलेली असतात. तिथे आग विझेल इतका कार्बन डायऑक्साइड सोडला, तर आत बसलेलेही जायचे. हॅलॉन १३०१ हवेत पाच-सहा टक्के झाला तरी ज्वाला मरते आणि माणूस बाहेर पडेपर्यंत तग धरतो. विमानाच्या इंजिनापाशी पर्यायी वायू वापरायचे, तर वजन आणि जागा दोन्ही जास्त लागतं. त्यातल्या काही वायूंवर त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने कात्री आणलीच आहे. म्हणून अमेरिकेच्या लष्कराने व्हर्जिनियात रिचमंडला साठा करून ठेवलाय. जुन्या यंत्रणा निघाल्या की त्यांतला गॅस काढून तिथे जमा करतात.

असा साठा सांभाळणं म्हणजे मुख्यतः वजनकाटा सांभाळणं. हे कुणाला खरं वाटत नाही.

एकदा मे महिन्यात एका गोदामात गेलो होतो. वर टिनाचं छप्पर, आत भट्टी. सिलिंडरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्याही वर. "बघा, फुल्ल आहे," गोदामवाला म्हणाला. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला तर पाव हिस्सा गॅस गायब! व्हॉल्व्हचं सील कडक होऊन झिरपत होतं. गॅसला ढकलायला वर नायट्रोजन भरलेला असतो. उन्हात तो तापून फुगतो, काटा वर नेतो आणि आपल्याला गंडवतो. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर हमखास. म्हणून दर सहा महिन्यांनी वजन करायचं, तापमान बघून दाब वाचायचा. आणि १३०१ मध्ये १२११, म्हणजे हॅलॉनचाच दुसरा प्रकार, कधी मिसळू द्यायचा नाही. एकदा मिसळला की वेगळा करायला फार खर्च येतो.

"मग भरून द्या ना," गोदामवाला म्हणाला. मी सिलिंडरवर खडूने नवीन वजन लिहिलं आणि विचारलं, कुठून आणू?