हंपी सायकलवरून: मंदिरे, पाट आणि भाताची खाचरे

हंपीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक होस्पेटला मुक्काम करतात, सकाळी गाडी ठरवतात आणि विरूपाक्ष, विठ्ठल मंदिर, कमलमहाल, हत्तीखाना अशी स्थळे दिवसभरात पाहून बदामीच्या वाटेला लागतात. ती स्थळे सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंतचा जो भाग गाडीच्या काचेआडून निघून जातो, तो मला या वेळी नीट पाहायचा होता. म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही काही जणांनी स्थानिक वाटाड्याबरोबरची सायकल सहल निवडली. विजयनगरच्या राजधानीकडे पाहण्याची माझी दृष्टी या सहलीने बदलली, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आमचे वाटाडे कमलापूरचे, पन्नाशीचे गृहस्थ. गावातले सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. घरची केळीची बाग असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात कृष्णदेवरायाइतकाच पाण्याच्या पाळीचाही विषय येत असे, आणि माझ्या मते हीच त्यांची मोठी पात्रता होती. सायकली साध्या, गिअर नसलेल्या होत्या. रस्ता बहुतांशी सपाट असल्याने त्या पुरेशा ठरल्या.

सुरुवात विरूपाक्ष मंदिरापासून झाली. हंपीत अखंड पूजाअर्चा चालू असलेले हे प्रमुख मंदिर. त्याचा मुख्य रंगमंडप कृष्णदेवरायाने १५१० मध्ये राज्यारोहणाच्या निमित्ताने बांधवला. आतल्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीतल्या लहानशा छिद्रातून पूर्वेच्या उंच गोपुराची उलटी सावली समोरच्या भिंतीवर पडते, आणि ती पाहण्यासाठी सकाळी तिथे बरीच गर्दी होते. आम्ही लगेच शेजारच्या हेमकूट टेकडीवर चढलो. इथली पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची छोटी शिवालये विजयनगरच्या स्थापनेच्या आधीपासूनची आहेत. म्हणजे हरिहर आणि बुक्क या बंधूंनी १३३६ च्या सुमारास राज्य उभारले, तेव्हाही ही जागा तीर्थ म्हणून नांदती होती.

टेकडीच्या उतारावर अण्णांनी आम्हाला एका प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळेजवळ थांबवले. शिळेच्या कडेने बोटभर खोलीच्या चौकोनी खाचांची सरळ रांग खोदलेली होती, आणि रांगेपलीकडचा अर्धा दगड जणू सुरीने कापावा तसा सरळ सुटून गेला होता. अशा खाचांत पाचरी ठोकून शिळा फोडत. नंतर दिवसभर रस्त्याच्या दुतर्फा अशा रांगा दिसत राहिल्या. काही ठिकाणी खाचा पाडून झाल्या आहेत, पण दगड फोडायचा राहूनच गेला आहे. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा सत्ताधारी रामराय मारला गेला आणि त्यानंतर शहर लुटले गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. ते अर्धवट काम पाहताना त्या वाक्यामागची माणसे डोळ्यांसमोर येतात. अर्थात प्रत्येक अर्धवट शिळेचा संबंध त्या वर्षाशी जोडता येणार नाही, हेही अण्णांनी तिथेच बजावले.

कृष्ण मंदिर आणि लक्ष्मी-नरसिंहाची सुमारे पावणेसात मीटर उंच मूर्ती रस्त्यालगतच आहे. उदयगिरीच्या विजयानंतर तिथली बालकृष्णाची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि तिच्यासाठी हे मंदिर उभारले. नरसिंहाची मूर्ती १५२८ सालची, एकाच शिळेतून कोरलेली. तिच्या शेजारच्या छोट्या देवळात बडवीलिंग आहे. तीन मीटर उंचीचे हे शिवलिंग कायम पाण्यात उभे असते. हे पाणी कुठून येते, असे आमच्यापैकी एका ताईंनी विचारले आणि अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी रस्त्यापलीकडच्या केळीच्या बागांकडे हात केला, सायकलवर टांग मारली आणि आम्हाला पाटाच्या काठी नेले.

हा तुर्तु कालवा. विजयनगरच्या काळात तुंगभद्रेवर दगड रचून जे बंधारे घातले गेले, त्यांपैकी एका बंधाऱ्यावरून तो निघतो आणि एका अंगाला मंदिरांचा परिसर, दुसऱ्या अंगाला राजवाड्यांचा परिसर ठेवून मधल्या सखल भागातून वळणे घेत जातो. त्याच्या दोन्ही तीरांवर केळी, ऊस, नारळ आणि भाताची खाचरे आहेत. आम्ही गेलो तेव्हा भाताची कापणी चालू होती, आणि पाटातून घोटाभर पाणी वेगाने वाहत होते. काठावर एक आजी दगडावर कपडे आपटत होत्या, तर खालच्या बांधावर एक तरुण फावड्याने चारी फोडून आपल्या केळीला पाणी देत होता. तो दगडमातीचा काठ फोडायचा, पाणी आत गेले की ओल्या मातीचे ढेकूळ ठेवून पुन्हा बुजवायचा, आणि पुढच्या वाफ्याकडे सरकायचा. नगर जिल्ह्यात माझ्या मामांच्या मळ्यात मी हेच पाहिले आहे. फरक एवढाच की इथले मुख्य पाटाचे काम पाचशे वर्षांहून जुने आहे, आणि आजही त्यावर रान भिजते.

हंपीला सगळे अवशेष म्हणतात. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून जे नोंदवले, त्यात मंदिरे, मंडप, बाजार, तटबंद्या असे सोळाशेच्या आसपास अवशेष मोजलेले आहेत. परंतु या शहराचा जो भाग मोडला नाही, तो म्हणजे त्याची पाणीव्यवस्था. राजवाडे जळाले, बाजार ओस पडले, मूर्ती फोडल्या गेल्या; पाट मात्र शेतकऱ्यांनी चालू ठेवले, कारण त्यांचे पोट त्यावर होते. होस्पेटच्या बाजूचे राया आणि बसवण्णा हे जुने कालवेही आज वापरात आहेत, फक्त त्यांना आता १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या तुंगभद्रा धरणाच्या जलाशयातून पाणी मिळते. कृष्णदेवरायाच्या काळात इथे आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायस याने एका नव्या तलावाचे काम पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच्या अंदाजाने तिथे पंधरा ते वीस हजार माणसे राबत होती आणि ती मुंग्यांसारखी दिसत होती. हे वाचून साम्राज्याच्या वैभवाची कल्पना यावी अशी त्याची अपेक्षा असेल. मला मात्र पाटाच्या काठी उभा असताना वाटले की राजाचे खरे ऐश्वर्य त्या माणसांच्या हातांत होते.

राजवाड्यांच्या परिसरात हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामकथा ओळीने कोरलेली आहे. तिच्यासाठी तासभर तरी राखून ठेवावा. कमलमहाल, अकरा दालनांचा हत्तीखाना आणि राणीचे स्नानगृह यांची छायाचित्रे सर्वत्र आहेत, त्यामुळे त्यांबद्दल मी लिहीत नाही. मला खिळवून ठेवले ते महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याजवळच्या पायऱ्यांच्या पुष्करणीने. १९८० च्या दशकातील उत्खननात मातीखालून ती अखंड बाहेर आली. काळ्याभोर दगडाच्या पायऱ्या चारही बाजूंनी इतक्या रेखीव उतरत जातात की त्या काल घडवल्यासारख्या वाटतात. उन्हात वाकून पाहिले की दगडांवर बारीक खुणा आणि अक्षरे दिसतात: दगड कोणत्या दिशेचा, कोणत्या थरातला आणि कितवा, याची ती नोंद. म्हणजे सर्व दगड दुसरीकडे घडवून, आकडे टाकून, इथे आणून जुळवले गेले. तिच्याकडे पाणी आणणारे दगडी पन्हळ खांबांवरून अजून गेलेले दिसतात. मंदिराच्या कोरीवकामाचे कौतुक आपण नेहमी करतो, पण त्या पाथरवटांनी दगडावर केलेला हा हिशेब मला तितकाच मोलाचा वाटतो.

कमलापुरात अण्णांच्या ओळखीच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण झाले. सोलापूरच्या माणसाला परके वाटेल असे त्यात काहीच नव्हते.

दुपार कलल्यावर आम्ही तळवारघट्टच्या रस्त्याने विठ्ठल मंदिराकडे निघालो. वाहने मंदिरापर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे सायकली वाहनतळाजवळ लावून आम्ही जुन्या रथमार्गाने, दोन्ही बाजूंच्या बाजाराच्या खांबांमधून चालत गेलो. दगडी रथ पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर असल्यामुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हे वस्तुतः गरुडाचे देऊळ. ग्रीनलॉ या इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात त्यावर विटांचे शिखर दिसते. आज ते नाही. महामंडपाच्या जोत्यावर घोडे आणि ते विकायला आणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांची लांब पट्टी कोरलेली आहे. या राज्याचे बळ घोडदळावर होते आणि घोडे समुद्रापलीकडून येत. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेल्यावर त्या व्यापारात त्यांचा हात वरचढ झाला. त्या पट्टीतल्या लगाम धरलेल्या माणसांकडे पाहिले की गोव्याचा धक्का आणि हंपीचा बाजार यांच्यातली वाट मनात स्पष्ट होते.

गाभारा रिकामा आहे. मराठी माणसाला या रिकामेपणाची कथा लहानपणापासून माहीत असते: कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल आपल्या राजधानीत नेला आणि एकनाथांचे पणजोबा, पैठणचे संत भानुदास यांनी तो परत आणला. आपल्या परंपरेने ही कथा जपली आहे. इतिहासाचे पुरावे तिच्या बाजूने किती बोलतात याची चर्चा अभ्यासकांनी करावी. मला त्या उंबऱ्यापाशी हात जोडावेसे वाटले आणि मी ते जोडले. आमच्या गटातल्या एका काकांनी हलक्या आवाजात ‘सुंदर ते ध्यान’ म्हटले. नदीकाठी थोडे पुढे पुरंदरदासांचा मंडप आहे. आपल्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ अशी मुद्रा घालणाऱ्या या संतकवीचे नाव आठवले की विठ्ठलाची ही भूमी दोन भाषांत वाटलेली नसून दोन भाषांनी जोडलेली आहे, हे जाणवते.

तळवारघट्टला नदी ओलांडून आनेगुंदीला जायचे होते. इथल्या गोल होड्या बांबूच्या विणलेल्या असतात. पूर्वी बाहेरून कातडे लावत, आता प्लास्टिकचा कागद आणि डांबर लावतात. पायसनेही या टोपलीसारख्या होड्यांचे वर्णन केले आहे: आतून वेत, बाहेरून चामडे, पंधरा-वीस माणसे मावतील एवढ्या, आणि वल्हवताना सतत गोल फिरणाऱ्या. घोडे आणि बैलही गरज पडल्यास यातून नेतात, असे त्याने म्हटले आहे. आमच्या सायकली आडव्या रचून एका होडीत बसल्या आणि आम्ही दुसरीत. नावाड्याने एकच वल्हे डावीकडे-उजवीकडे मारत आम्हाला पलीकडे नेले.

आनेगुंदी हे हंपीहून जुने ठाणे. किल्ल्याचा दरवाजा, रंगनाथाचे मंदिर आणि शेणाने सारवलेल्या अंगणांची घरे हे सारे एकाच गल्लीत आहे. केळी इथेही सर्वत्र आहे, आणि घड उतरल्यावर फेकून दिल्या जाणाऱ्या खोडाची सोपटे वाळवून त्यांच्या दोरीपासून गावातल्या स्त्रिया पिशव्या, टोपल्या आणि चटया विणतात. माझ्यासमोर एका ताईंनी तीन सोपटांची वेणी घालता घालता टोपलीचा बूड अर्धा पूर्ण केला, आणि हात न थांबवता, पाऊस कमी झाला की सोपट कडक होते आणि तुटते, हेही समजावले.

या परिसरात वारसा आणि वस्ती यांचा संघर्षही झाला आहे. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या प्राचीन बाजारमंडपांत राहून पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवणाऱ्या कुटुंबांची घरे २०११ मध्ये पाडण्यात आली. नदीवरील पुलांच्या बांधकामामुळे हंपीचे नाव १९९९ ते २००६ या काळात धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत होते. दगड वाचवलेच पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु पाट, खाचरे, होड्या आणि त्यांवर जगणारी माणसे हीसुद्धा विजयनगरचीच शिल्लक आहे, आणि तिचा विचार संरक्षणाच्या प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा, कारण त्यानंतर हा दगड दुपारी भाजून काढतो. अर्ध्या दिवसाच्या बहुतेक सायकल सहली राजवाड्यांच्या परिसरात संपतात. ठरवतानाच वाटाड्याला विचारून घ्यावे की मार्गात तुर्तु कालव्याचा काठ आणि आनेगुंदी आहे का; नसेल तर पूर्ण दिवसाचे पैसे देऊन ते घ्यायला लावावे.