ब्रिटनमधली आजोबांची शेड

ब्रिटनमध्ये ऐन हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. निवृत्त माणसाकडे वेळ उदंड, पण घराबाहेर पडायला कारण नसेल तर तो टीव्हीसमोरच जातो. बायको गेलेल्या पुरुषांचं तर फारच अवघड होतं. वाढदिवस लक्षात ठेवणं, फोन करणं, कुणाला घरी बोलावणं हे सगळं आयुष्यभर तिनेच पाहिलेलं असतं.

२०१८ मध्ये इथल्या सरकारने एकटेपणाचं काम एका मंत्र्याकडे सोपवलं. सरकारी पाहणीत एकटेपणा आणि समाधान वेगवेगळे विचारतात. सोबतीची उणीव किती वेळा भासते, आपल्याला वगळल्यासारखं वाटतं का, आपण तुटलोय असं वाटतं का, हे तीन प्रश्न. शिवाय किती वेळा एकटं वाटतं, हा थेट प्रश्न. समाधानाला मात्र शून्य ते दहा गुण द्यायचे. हे वेगळं विचारणं मला फार योग्य वाटतं, कारण दिवस भरगच्च असूनही माणूस आतून एकटा असू शकतो.

यावरचा मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे ‘मेन्स शेड’. मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातली, १९९०च्या दशकातली. गावातल्या एखाद्या रिकाम्या जागेत सुतारकामाची बाकं, लाकूड घट्ट पकडणारा शेगडा, करवती, रंधे आणि एक चहाचा कोपरा, एवढंच. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना करतात, हे त्यामागचं सूत्र.

पक्ष्यांच्या घरट्याची पेटीच घ्या. पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटरच्या आसपास लांब अशा एका फळीत सगळे तुकडे बसतात. भोक २५ मिलिमीटरचं ठेवलं तर निळ्या टिट या छोट्या पक्ष्यासाठी, ३२चं ठेवलं तर चिमण्यांसाठी. भोकाखाली बसायला दांडी लावायची नाही, तिचा फायदा शिकारी प्राण्यालाच. भोक पाडताना एकाने फळी धरायची, दुसऱ्याने ड्रिल चालवायचं. नजर फळीवर असते, म्हणून ‘रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य सहज बाहेर पडतं.

शेड सुरू करताना वेळ नीट निवडावी लागते. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचा मोफत बसपास कामाच्या दिवशी साधारणपणे सकाळी साडेनऊनंतर चालतो, त्यामुळे नऊची वेळ ठेवली तर बसने येणारे गळतात. दहा बरी. आठवड्याचा वार बदलू नये. त्याच माणसांची पुन्हा पुन्हा गाठ पडली तरच ओळख मुरते. यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येकाला ते शिकवायचं, आणि विमा हवाच. चहाची खोली यंत्रांपासून वेगळी ठेवा. श्रवणयंत्र लावणाऱ्याला करवतीच्या आवाजात काहीच कळत नाही, मग तो हसून मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

नवा माणूस बऱ्याचदा दारातूनच परत फिरतो. पहिल्या दिवशी त्याला कुणीतरी घरून घेऊन यावं आणि आल्या आल्या हातात छोटं काम द्यावं, स्क्रू निवडण्याचं का असेना. नुसतं ‘बसा, चहा घ्या’ म्हटलं की तो पाहुणाच राहतो. दुसरी चूक म्हणजे किल्ली एकाच उत्साही माणसाकडे ठेवणं. तो आजारी पडला की शेडला कुलूप. किल्ल्या किमान तिघांकडे हव्यात.

लाकूडकामाची आवड नसेल तर ‘यूथ्रीए’ (युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज), म्हणजे निवृत्तांचे एकमेकांकडून शिकण्याचे गट, आहेत. ब्रिटनमध्ये ही चळवळ १९८२ पासून. इतिहास, भाषा, चालणं, बुद्धिबळ, जे ज्याला येतं ते तो इतरांना शिकवतो. परीक्षा नाही, पदवी नाही. काल विद्यार्थी असलेला आज गट चालवतो, हेच मला त्यातलं मोलाचं वाटतं.

आणि एक वही ठेवायची: कोण आलं, कोण नाही. सलग दोन वेळा कुणी दिसला नाही तर त्याच दिवशी फोन करायचा. ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘तुमची पेटी अर्धी राहिलीये, झाकण तुम्हीच बसवायचंय,’ हेही सांगा.