तुम्ही विचारलंत म्हणून: अवकाशातला देवमासा

विज्ञानकथा लिहू पाहणारे हमखास विचारतात: अवकाशात राहणारा देवमासा कथेत घ्यायचाय, तो पटेल असा कसा रचायचा?

आधी त्याचं गाव ठरवा. ‘अथांग अवकाश’ हा पत्ता चालत नाही, तिथे खायला काही नाही. माझी पसंती शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राला. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून सेकंदाला सुमारे 200 ते 300 किलो पाणी वाफ आणि बर्फकण होऊन उडत असतं. कॅसिनी यानाला 2005 मध्ये हे फवारे दिसले. पुढे त्यांत मीठ, सेंद्रिय रेणू आणि हायड्रोजनही सापडला. पाणी आणि शिधा एकाच दारात!

मासा 100 मीटर लांब, 20 मीटर जाड धरू. (पृथ्वीवरचा निळा देवमासा 30 मीटरच्या आसपास.) स्वतःचं वजन पेलायचं नाही, तेव्हा हाडांची काळजी सोडा. खरी अडचण उष्णतेची, आणि बहुतेक कथा इथेच फसतात. निर्वातात प्राणी क्षणात गोठत नाही, कारण उष्णता ओढून न्यायला भोवती हवा किंवा पाणी नसतं. ती फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांवाटे जाते. पण तेवढीही पुष्कळ होते. 30 अंश सेल्सिअसची उघडी कातडी चौरस मीटरला सुमारे 480 वॉट गमावते. आपल्या माशाचं अंग साधारण 6,300 चौरस मीटर, म्हणजे 3,000 किलोवॉट गेले. शनीपाशी ऊन चौरस मीटरला फक्त 15 वॉट. आडव्या अंगावर मिळून 30 किलोवॉट. शंभर रुपये खर्चाला एक रुपया मिळकत. हिशेब जुळवायचा तर आतलं रक्त कोमट ठेवून बाहेरची कातडी उणे 175 अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागते. त्यासाठी चरबीचा थर देऊन बघा: तो कित्येक मीटर लागतो आणि माशाची त्रिज्याच दहा! उपग्रहांना सोनेरी वेष्टन असतं, तीच युक्ती वापरा. चकचकीत पातळ पापुद्रे, एकावर एक, मध्ये निर्वात. दोन पापुद्रे जिथे एकमेकांना टेकतील तिथून उष्णता गळते. जखमी मासा त्याच जागेपासून गारठत जातो. या प्राण्याला याहून खरी जखम मला सुचलेली नाही.

शेपटीनं ढकलायला तिथे काहीच नाही. पुढे जायचं तर मागे काहीतरी फेकायला हवं, म्हणजे वाफेचा झोत. कोमट वाफ फार तर सेकंदाला किलोमीटरभर वेगानं सुटते. त्यामुळे वेग नुसता सेकंदाला 100 मीटरनं बदलायचा तरी वजनाचा जवळपास दहावा हिस्सा खर्ची पडतो. पाठलागाचे प्रसंग लिहू नका. हा प्राणी चंद्रांच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत सावकाश फिरतो.

शनीभोवती फिरतोही एन्सेलॅडस फिरतो त्याच दिशेनं. तो चंद्र शनीभोवती सेकंदाला 12.6 किलोमीटर वेगानं जातो. मासा उलटा निघाला तर बर्फकण दुप्पट वेगानं जबड्यातल्या गाळणीवर आदळून तिच्या चिंध्या करतील. कक्षा किंचित लंबगोल ठेवा, म्हणजे दोघांच्या वेगात थोडासाच फरक राहील आणि घास बेतानं येईल.

आणि गाणं? निर्वातात आवाज जात नाही, रेडिओलहर जाते. 100 मीटरचं अंग म्हणजे 200 मीटर लहरीचा, तिच्या निम्म्या लांबीचा अँटेना, सुमारे 1,500 किलोहर्ट्झ. घरातला जुना मीडियम वेव्हचा रेडिओ तिथे नेला, तर काटा उजव्या टोकाकडे सरकवल्यावर तो गाताना सापडेल.