जिथे हात लागतो, तिथे सागवान

वाईचा आमचा जुना वाडा उतरवला, तेव्हा वाटणीत मी माजघरातली एक तुळई मागून घेतली. दहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि सहा इंच जाड, म्हणजे हिशेबाने साधारण सव्वातीन घनफूट सागवान. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तुळई कुठे ठेवणार, असे काकूने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

फ्लॅटच्या सजावटीचा जो आराखडा आधी हाती आला, त्यात लाकूड सगळीकडे दिसत होते आणि प्रत्यक्षात कुठेच नव्हते. टीव्हीमागची भिंत, पलंगाची पाठ, कपाटांची दारे, सगळीकडे सागाच्या रेघा छापलेला सनमायका. अशा पत्र्याकडे जरा वेळ पाहत बसले की तीच गाठ काही फुटांवर पुन्हा भेटते, आणि एकदा ती दिसली की डोळा दुसरे काही पाहायला तयार होत नाही.

प्लायवुडशी मात्र माझे भांडण नाही. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आडवे आकसते, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. प्लायमध्ये एकावर एक थर काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून कपाटाच्या रुंद बाजूंना अखंड फळीपेक्षा प्लायच बरा. फक्त दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. आधीच्या घरी सिंकखालचे कपाट त्या शब्दावर केले आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा पापडासारख्या फुलल्या. आता मी प्लायवरचा भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का वाचते: ओल्या जागेसाठी आयएस ७१०, एरवी आयएस ३०३.

तुळईचे कोडे आमच्या सुतारकाकांनी सोडवले. “ताई, हात जिथं रोज लागतो तिथं हे लाकूड लावा, बाकीचं प्लाय सांभाळून घेईल,” असे ते म्हणाले, आणि सारे काम त्या एका वाक्यावर झाले. जेवणाचे टेबल, खिडकीतली बसायची फळी, कपाटांच्या मुठी आणि मुख्य दाराचा उंबरा, एवढ्यापुरतेच सागवान वापरायचे ठरले.

जुने लाकूड कापून घेणे हेच खरे जिकिरीचे काम ठरले. दोन वखारींनी तुळईला हात लावायलाच नकार दिला, कारण आत मोडून राहिलेला एखादा खिळा करवतीचे पाते बाद करतो. सुतारकाकांनी लोहचुंबक फिरवून एक अख्खी दुपार खिळे उपसण्यात घालवली, तेव्हा कुठे तिसरा वखारवाला तयार झाला. वरची काळी साल निघाल्यावर आतून कातड्यासारखा तो ओळखीचा वास आला. ताजा कापलेला साग हिरवट-तपकिरी आणि डागाळलेला दिसतो. माझा चेहरा पडलेला पाहून काकांनी फळ्या उजेडात ठेवायला सांगितले, आणि काही दिवसांत त्या सोनेरी झाल्या.

पॉलिशवरून आमचा थोडा वाद झाला. मला चपडीच (लाखेचे पॉलिश) हवी होती, कारण तिच्याखाली लाकूड लाकडासारखे दिसते; पण गरम भांडे किंवा पाण्याचा पेला ठेवला की चपडीवर पांढरे वळ उठतात. अखेर टेबलाला चमक नसलेले पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि खिडकीच्या फळीला चपडी, अशी तडजोड झाली. खिळ्यांच्या भोकांत लांबी (पुट्टी) भरू दिली नाही, एवढा माझा हट्ट मात्र टिकला.

टेबलाच्या फळ्या काकांनी खालच्या चौकटीला गच्च जखडल्या नाहीत. स्क्रूसाठी लांबट भोके ठेवली, म्हणजे फळ्यांना हलायला जागा राहते. एप्रिलमध्ये मधल्या दोन फळ्यांच्या फटीतून पोस्टकार्ड सहज सरकते. ऑगस्टमध्ये ते अडकते.